डबीले विचारून कूलर

प्रश्न : आम्ही वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात राहतो. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीने यंदा आजीसाठी म्हणून एक ‘स्मार्ट प्लग’ पाठवला. कूलर त्यातून चालवला की मुलीला पुण्यात बसून तो मोबाइलवरून चालू-बंद करता येतो, आणि पहाटे गारवा सुटल्यावर कूलर बंद करायला आजीला खाटेवरून उठावे लागत नाही, असा तिचा हेतू होता. मे महिन्यात एका रात्री लाइन गेली आणि दीडेक तासाने आली. पंखे फिरू लागले, पण कूलर काही सुरू होईना. मोबाइलला नेट नव्हते आणि मुलीला फोन लागत नव्हता. आम्ही चार माणसे बॅटरी घेऊन त्या डबीसमोर उभे असताना माझी आई उठली, तिने डबी उपटली, कूलरची पिन जुन्या बोर्डात बसवली आणि म्हणाली, “एवढ्याशा डबीले विचारून कूलर लावाचा काय आता? हात काय भाड्यानं देल्ले काय तुमी?” पुतण्याने हे सारे मोबाइलवर टिपले. ती चित्रफीत आधी गावाच्या ग्रुपवर आणि मग कुठल्या कुठे गेली. लोकांनी तिच्यावर गाणी चढवली. आई मजेत आहे, पण मुलगी दुखावली आहे. अशी फजिती आणखी कोणाची झाली आहे काय, आणि हा प्लग ठेवावा की परत पाठवावा?
— एक निवृत्त शिक्षक, समुद्रपूर तालुका

उत्तर : गुरुजी, फजितीचाच हिशेब मांडायचा तर आपली फारच स्वस्तात झाली. अमेरिकेत २०१६ साली ‘जुसेरो’ नावाचे रस काढण्याचे यंत्र बाजारात आले. त्याची किंमत आधी ६९९ डॉलर होती आणि पुढे ती ३९९ डॉलरवर आणली गेली, म्हणजे उतरलेली किंमतसुद्धा त्या वेळच्या दराने पंचवीस हजार रुपयांच्या वर जात होती. या यंत्रात आपण आणलेले संत्रे किंवा गाजर घालायची सोय नव्हती. कंपनीच फळे आणि भाज्या चिरून पिशवीत भरून विकत असे. ती पिशवी यंत्रात अडकवली की यंत्र तिच्यावरचा क्यूआर कोड वाचायचे, इंटरनेटवरून तिची खातरजमा करायचे, मुदत उलटलेली असल्यास रस काढायला सरळ नकार द्यायचे आणि सगळे ठीक असेल तरच काही टनांचा दाब देऊन ती पिळायचे. एप्रिल २०१७ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी तीच पिशवी नुसत्या हातांनी पिळून पाहिली, तर जवळजवळ तितकाच रस तितक्याच वेळात पेल्यात उतरला. त्या बातमीनंतर यंत्राचे जे हसे झाले त्यातून ते सावरले नाही. गुंतवणूकदारांकडून सुमारे बारा कोटी डॉलर उभे करणारी ती कंपनी त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये बंद झाली. संत्र्यांच्या मुलखातल्या, काटोल-वरूडकडच्या वाचकांना यातला विनोद उलगडून सांगण्याची गरज नसावी.

ते यंत्र कच्चे नव्हते, हे मात्र सांगायला हवे. ज्या अभियंत्यांनी ते उघडून तपासले त्यांना आतले भाग गरजेपेक्षा कितीतरी जास्त दणकट आढळले. लोक हसले ते दोन हातांना सहज जमणाऱ्या कामात एक मोटर, एक कॅमेरा, एक वाय-फाय आणि एक दूरचा संगणक असे चार मध्यस्थ बसवले गेले होते म्हणून. आपल्या मातोश्रींनी ‘हात भाड्याने दिले काय’ असे जे विचारले, तोच प्रश्न त्या पत्रकारांनी इंग्रजीत आणि बऱ्याच जास्त शब्दांत विचारला होता.

आणखी दोन उदाहरणे थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये इंग्लंडमधील होव्ह या गावच्या एका गृहस्थांनी आपली वाय-फाय किटली आवाजाच्या आज्ञेवर चालावी म्हणून अकरा तास खटपट केली आणि ती कशी चालली आहे हे ते दिवसभर ट्विटरवर लिहीत राहिले. अखेर किटलीने आज्ञा ऐकली, पण नेमके त्याच वेळी घरातले स्मार्ट दिवे स्वतःची नवी आज्ञावली उतरवून घेण्यात गुंतले होते, त्यामुळे घरच्यांना अंधारात जेवावे लागले. हे गृहस्थ माहितीशास्त्रातले जाणकार होते, ही बाब आपल्या घरातल्या त्या चार माणसांना अवश्य सांगावी. दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील संगणक केंद्रांची सेवा काही तास कोलमडली, तेव्हा हजारो डॉलर किमतीच्या, थंड-गरम होणाऱ्या आणि उशाकडून उचलल्या जाणाऱ्या स्मार्ट बिछान्यांनी मालकांचे ऐकणे सोडून दिले. कोणाचा बिछाना तापत राहिला, तर कोणाचा अर्धवट उठलेल्या अवस्थेत अडकून बसला. माणूस आपल्या घरात, आपल्या खाटेवर झोपलेला असताना खाट मात्र व्हर्जिनियाच्या परवानगीची वाट पाहत होती. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि पुढे नेट नसतानाही जवळच्या फोनवरून बिछाना चालवता येईल अशी सोय करण्यात आली.

आता आपल्या प्लगविषयी. त्या डबीच्या आत एक छोटा रिले असतो, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारे बटण. मुलीने पुण्यात मोबाइलवर बोट ठेवले की आज्ञा कंपनीच्या संगणकाकडे जाते, तेथून आपल्या घरच्या राउटरकडे येते आणि मग रिलेपर्यंत पोहोचते. बहुतेक स्वस्त प्लगच्या बाबतीत आपण त्याच खोलीत बसून आज्ञा दिली तरी ती याच वाटेने फिरून येते. लाइन गेली की प्लगसोबत राउटरही बंद होतो. लाइन आल्यावर राउटर सावरायला दोनेक मिनिटे घेतो, आणि मोबाइलच्या टॉवरचीच बॅटरी उतरलेली असेल तर आपल्या राउटरने सावरूनही उपयोग होत नाही. वीज परत आल्यावर रिलेने ‘चालू’ राहावे, ‘बंद’ राहावे की आधीच्या स्थितीत जावे, हे ठरवणारी एक निवड ॲपमध्ये असते. आपल्या वर्णनावरून ती ‘बंद’वर असावी. हे मुद्दामच केलेले असते, कारण इस्त्री किंवा पाणी तापवायचा रॉड वीज येताच मध्यरात्री आपोआप सुरू होणे धोक्याचे आहे. माझ्या घरी याच्या नेमके उलट घडले होते. एका वादळी रात्री तीन वाजता वीज आली आणि बैठकीतला स्मार्ट दिवा पूर्ण उजेडात लागला, कारण त्या दिव्याची निवड ‘चालू’ अशी होती. घरातला प्रत्येक जण दुसऱ्यावर वैतागला; दिव्यावर कोणाचा संशय गेला नाही.

आपण पाठवलेल्या छायाचित्रात प्लगच्या कडेला एक बारीक गोल बटण दिसते. ते दाबले असते तर नेट नसतानाही कूलर सुरू झाला असता. चार माणसांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हते, यात माणसांचा दोष मी फारसा मानत नाही. ज्या वस्तूसोबतच्या कागदावर ॲप कसे उतरवावे याची सात चित्रे असतात आणि हाताने चालवायच्या बटणाचा उल्लेख तळाशी मुंगीच्या अक्षरात असतो, ती वस्तू आपण होऊन हसे ओढवून घेते.

इथपर्यंत मजा होती. यानंतरचे मात्र चित्रफीत पाहणाऱ्या कोणाच्याही ध्यानात आले नाही, आणि मला आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे तेच वाटते. आपल्याकडच्या कूलरचे अंग बहुधा पत्र्याचे असते, खाली पाण्याची टाकी असते, आत पंप आणि पंख्याची मोटर असते, आणि आर्थिंग अनेक घरांत नावापुरतेच असते. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावतात. त्यामुळे टाकीत पाणी भरताना, ताट्या बदलताना किंवा नुसता कूलर सरकवतानाही बटण बंद करून पिन बोर्डातून काढावी, ही सूचना वीज कंपनी आणि प्रत्येक वायरमन देत आला आहे. आता दुपारी दोन वाजता आपल्या घरी काय घडू शकते ते पाहावे. कूलर बंद आहे असे समजून घरातले कोणी बादलीने टाकी भरत आहे, त्याचा एक हात पत्र्यावर आहे, आणि नेमक्या त्याच वेळी पुण्यातल्या मुलीला वाटते की ऊन फार झाले, आजीसाठी कूलर लावून द्यावा. तिचा हेतू चांगला आहे, प्लगही उत्तम चालला, पण टाकीवरचा हात तिला दिसत नाही. टाकी रिकामी आहे हेही तिला दिसत नाही, म्हणजे हात नसला तरी पंप कोरडा फिरून जळू शकतो. एका साध्या कूलरला एक अँपिअरच्या आसपासच प्रवाह लागतो, तेव्हा प्लगला भार सोसवेल की नाही हा प्रश्नच नाही. ज्याच्या हाती बटण आहे त्याला यंत्र दिसत नाही, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून माझे मत असे की कूलरला हा प्लग पुन्हा लावू नये. मातोश्रींनी तो उपटला ते योग्यच झाले, मग त्यांनी ते रागाने केले असले तरी. पहाटे उठावे लागू नये ही मुलीची काळजी रास्त आहे. त्यासाठी गावातल्या वायरमनला बोलावून कूलरच्या पॉइंटचे एक बटण आजींच्या खाटेजवळ, हात पोहोचेल अशा उंचीवर काढून घ्यावे. त्याच खेपेत कूलरच्या पिनेला तिसरी, म्हणजे आर्थिंगची, तार खरोखर जोडलेली आहे का आणि आर्थिंगचा खड्डा कोरडा तर पडलेला नाही ना, हे पाहून घ्यावे. उन्हाळ्यात त्यात पाणी घालावे लागते. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी नसेल तर तेही बसवावे. आणलेल्या प्लगहून या उपकरणाला पैसे जास्त लागतील, पण गळती होताच ते वीज तोडते आणि त्यासाठी त्याला नेट लागत नाही.

प्लग परत पाठवू नये. मुलीला आणखी वाईट वाटेल, आणि वस्तू निकामीही नाही. ओसरीवरच्या दिव्याला तो लावावा आणि वीज आल्यावर ‘आधीच्या स्थितीत जा’ ही निवड ॲपमध्ये मुलीकडूनच करून घ्यावी. संध्याकाळी घरी कोणी नसताना तिने पुण्याहून ओसरीचा दिवा लावला तर कोणाचे काही बिघडत नाही. कडेचे बटण मात्र तिनेच आजीला दाखवावे, दिवाळीला घरी येईल तेव्हा.

प्रश्न : माझ्या विहिरीवरच्या मोटरीला मोबाइल स्टार्टर बसवला आहे. घरून मिस्ड कॉल दिला की मोटर सुरू होते आणि पुन्हा दिला की बंद होते. माझा भाचा म्हणतो की हेही त्याच जातीचे खूळ आहे आणि एक दिवस आपलेही हसू होणार. मला तर या यंत्राचा फार आधार वाटतो. आपले काय मत आहे?
— एक शेतकरी, केळापूर तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाच्याला माझ्याकडून सांगावे की त्याने एकदा रात्रपाळीची थ्री फेज लाइन आल्यावर, टिपेश्वर अभयारण्यालगतच्या शेतात, एका हाती काठी आणि दुसऱ्या हाती बॅटरी घेऊन विहिरीपर्यंत जाऊन यावे आणि मग खूळ कशाला म्हणतात ते ठरवावे. कृषी फीडरवर वीज दिवसा किंवा रात्री पाळीने मिळते. रात्रीच्या पाळीत साप, रानडुक्कर आणि काही भागांत वाघ यांच्या धास्तीने धुऱ्यावरून चालावे लागते, आणि एवढे करून विहिरीवर पोहोचल्यावर एक फेज गेलेला निघाला तर हात हलवत परतावे लागते. हे यंत्र त्या खेपा वाचवते. वर रसाच्या यंत्राविषयी जे लिहिले त्याच्या अगदी उलट हे आहे. इथे हाताचे काम सोपे नव्हते, जिवावरचे होते.

दुसरे म्हणजे, आपला स्टार्टर आंधळेपणाने आज्ञा पाळत नाही. बरा स्टार्टर आधी तिन्ही फेज आहेत का ते तपासतो, व्होल्टेज फार कमी असेल तर मोटर सुरूच करत नाही, आणि विहिरीचे पाणी खाली गेल्यावर मोटर ओढत असलेला प्रवाह घटला की ती कोरडी फिरते आहे हे ओळखून बंद करतो. काही स्टार्टर उलट फोन करून तसे कळवतातही. आपल्याला विहीर दिसत नाही, पण आपल्या वतीने पाहणारे काहीतरी तिथे बसलेले आहे. पुण्याहून चालणाऱ्या कूलरच्या प्लगमध्ये नेमके हेच नव्हते. शिवाय साध्या स्टार्टरचे काम मिस्ड कॉल किंवा संदेशावर होते, त्यासाठी इंटरनेट लागत नाही.

तरी भाच्याच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. अनेक जुने स्टार्टर टूजी सिमवर चालतात. जिओचे जाळे फोरजीपासून सुरू होत असल्याने त्या कंपनीचे सिम अशा स्टार्टरमध्ये चालत नाही, आणि इतर कंपन्यांचे टूजी किती वर्षे राहील याचा भरवसा धरू नये. नवा घ्यायचा झाल्यास फोरजी सिम चालते का, हे दुकानदाराला विचारूनच घ्यावा. सिमचा रिचार्ज संपला की मोटर मुकी होते, आणि आपल्याकडे या यंत्राचे हसू होते ते बहुतेक याच कारणाने. रिचार्जची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

जुन्या पद्धतीच्या नुसत्या ‘ऑटो’विषयीही लिहितो, कारण अनेकांना दोन्ही एकच वाटतात. ऑटोवर टाकलेली मोटर लाइन येताच सुरू होते. एका डीपीवरच्या, म्हणजे रोहित्रावरच्या, साऱ्या मोटरी ऑटोवर असतील तर त्या एकाच क्षणी उठतात, सुरुवातीचा प्रवाह नेहमीच्या कितीतरी पट असतो, आणि डीपीवर नको तेवढा ताण येतो. डीपी जळाल्यावर ती बदलून मिळेपर्यंत पिकाची काय दशा होते, हे मी आपल्याला सांगायला नको. मोबाइल स्टार्टरमध्येही ऑटोची सोय असते. ती वापरणारच असाल तर लाइन आल्यानंतर काही मिनिटे थांबून मोटर सुरू करण्याची निवड त्यात असते. ती शेजाऱ्यांशी बोलून वेगवेगळ्या वेळांवर ठेवावी.

आणि मोटरीला, पाइपाला किंवा स्टार्टरच्या पेटीला हात लावण्याआधी किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढून खिशात ठेवावेत. फोन घरी ज्याच्या हाती आहे त्याला आपण विहिरीत उतरलो आहोत हे दिसत नाही, आणि यादीतल्या दुसऱ्या नंबरवरून मिस्ड कॉल कधी येईल हे आपल्यालाही कळत नाही.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. कूलरच्या डबीवर चिडलेल्या एका आजींची चित्रफीत माझ्याकडे आली होती. मी तिच्यावर गाणे चढवून ‘अडाणी आजी आणि स्मार्ट डबी’ असे लिहिले आणि पुढे पाठवली. मैत्रीण म्हणते, हे बरे नाही केले. पाठवलेली चित्रफीत आता परत घेता येते काय?
— एक विद्यार्थिनी, चिमूर तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : योगायोगाने त्याच घरचे पत्र या पानाच्या सुरुवातीला छापले आहे, ते वाचल्यावर ‘अडाणी’ हा शब्द आपण स्वतःच खोडाल. वायरमनने जे केले असते ते त्या खोलीत जमलेल्यांपैकी एकट्या आजींनी केले. आजी रागावलेल्या नाहीत. वाईट वाटले आहे ते प्लग पाठवणाऱ्या नातीला.

परत घेण्याविषयी सांगायचे तर व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश सर्वांसाठी पुसण्याची मुदत सुमारे अडीच दिवसांची असते, आणि तोवर ज्यांनी तो उतरवून घेतला किंवा पुढे पाठवला त्यांच्याकडचा तो पुसला जात नाही. अफवांमुळे २०१८ पासून भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आली, आणि २०२० पासून अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. आपल्याकडे ती दुहेरी बाणाची खूण लागून आली असेल तर ती आपल्याआधीच बरीच फिरलेली होती, एवढे समजावे. गाणे चढवून नव्याने केलेली फीत मात्र नवी गणली जाते आणि तिची मोजणी पहिल्यापासून सुरू होते. तेवढा वाटा आपला.

ज्या ग्रुपवर ती टाकली तिथे आजींचे नुसते बोलणे, गाण्याशिवाय आणि शीर्षकाशिवाय, एकदा पुन्हा टाकावे, आणि खाली लिहावे की टाकी भरताना पिन काढायची असते. आजींच्या घरची परवानगी मी विचारून ठेवली आहे. त्यांची अट एकच आहे, की पुतण्याचा मागून येणारा हसण्याचा आवाज कापून टाकावा.